कॅमेरा एकची मान

१४ जानेवारी

टोरंटोहून केरिगनचा फोन आला. राष्ट्रीय वाहिनीवरच्या खेळांचं थेट प्रक्षेपण हा माणूस बघतो, आणि पुढच्या हंगामात त्याच्याकडे दिग्दर्शकाची एक जागा रिकामी होणार आहे. मी पाठवलेलं आमच्या हॉकी सामन्याचं चित्रण त्याने बघितलं होतं. आधी कौतुक केलं आणि मग म्हणाला, "सुरुवातीलाच तुमचा कॅमेरा खाली काय बसतो हो? झुकतो आणि परत वर येतो. कॅमेरामनला उचकी लागली होती का?"

मी हसले. दुसरं काय करणार? फोन ठेवल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला.

जन्म सगळा या थंडर बेमध्ये गेला. छोटी वाहिनी, एक व्हॅन, चार कॅमेरे, आणि दर शनिवारी ज्युनियर पोरांची बर्फावरची हॉकी. ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर एक दिवस मला याच व्हॅनमधून उचलून न्यावं लागेल. आणि अडलंय कशावर, तर एका उचकीवर.

१७ जानेवारी

या हंगामातले सगळे सामने काढून बघितले. उचकी प्रत्येक सामन्यात आहे. सुरुवात नेहमी कॅमेरा एकवरून होते, वरच्या गॅलरीतून दिसणारं बर्फाचं अख्खं मैदान, म्हणजे रिंक. चित्र लोकांच्या घरी पोचलं रे पोचलं की ते हलकेच खाली जातं आणि वर येतं.

आमच्यात एक रीत आहे. सामना चालू असताना कॅमेरामन हेडसेटवर बोलत नाहीत. मी विचारते, "एक, तयार?" तो कॅमेऱ्याचीच मान खाली-वर करतो, म्हणजे हो. आडवी फिरवली तर नाही. व्हॅनमध्ये माझ्यासमोरच्या पडद्यांवर चित्र हलतं आणि मला उत्तर मिळतं. पण कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, म्हणजे आता लोक बघतायत, की मान हलवायची नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. लाल दिव्यावर मान हलवणं म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शिट्टी मारणं.

कॅमेरा एकवर ओरेस्ट बिलिक आहेत. मला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून त्यांना अहो-जाहो करते. हेडसेटवर मात्र ते नुसते 'एक'. आता चौसष्टीचे झालेत. मी विचारते तयार का, आणि ते डोक्यात शिरेपर्यंत दिवा लागलेला असतो, मग उत्तर येतं. खरं तर दिव्याच्या आधीही ते एकदा मान हलवतात. मग ही दुसरी कशाला? पहिली दिली होती हे विसरत असणार. दुसरं काय!

२५ जानेवारी

सामना संपल्यावर गॅलरीत गेले. ओरेस्ट भिंगाला टोपण लावत होते.

"पुढच्या शनिवारपासून सुरुवात कॅमेरा तीनवरून करते," मी म्हटलं. "काचेजवळून. पोरं बर्फावर येतात तेव्हा."

"नको."

"का नको?"

"सुरुवात एकवरच ठेव, पोरी. हवं तर मग सामनाभर मला वापरू नकोस."

"पण कारण काय?"

"लोकांना सवय आहे."

"कुठल्या लोकांना?"

ते टोपण पुसत बसले. "घरी बघणाऱ्या."

इतक्या वर्षांत या माणसाने माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. 'उजवीकडे' म्हटलं की उजवीकडे. आणि आज वाद! म्हातारपणी माणूस खुर्चीला चिकटतो म्हणतात, हे तर तिपाईला चिकटलेत. मी स्पष्ट सांगितलं, "बरं, सुरुवात तुमच्यावरच ठेवते. पण ते झुकणं बंद करा. टोरंटोवाल्यांनाही दिसलं."

"हं," म्हणाले.

मग पिशवीतून पेरोगींचा, बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा काढून बघितला गरम आहे का, आणि लगबगीने निघाले. बायकोला नेतात. स्टेफानिया वृद्धाश्रमात आहे, डोकं पार गेलंय. यांनाही ओळखत नाही म्हणे. वाईट वाटतं. पण घरचं दुःख घरी ठेवावं, माझ्या ओपनिंग शॉटमध्ये आणू नये.

१ फेब्रुवारी

परत झुकला. 'हं' म्हणाले होते.

३ फेब्रुवारी

मालकांनी नवे कॅमेरे घ्यायचं ठरवलंय. निवड माझी आणि लूडोची. लूडो पेरो आमचा इंजिनियर. चांगला माणूस आहे, जोरात हसतो, आणि दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

दोन कंपन्यांची माणसं आज रिंकवर सामान घेऊन आली. पहिल्यांचे कॅमेरे नेहमीसारखे, मोठं धूड, लांबलचक भिंग, मागे माणूस. चित्र सुरेख. बर्फ पांढराशुभ्र आणि तरी त्यावरच्या स्केटच्या रेघा आणि पक, ती खेळातली काळी चकती, दोन्ही स्वच्छ दिसतात. हे सोपं नाही, साधे कॅमेरे बर्फ बघून दिपतात आणि पोरांचे चेहरे काळे पडतात.

दुसऱ्यांचे रोबो कॅमेरे. तुळईला टांगायचे, वायर व्हॅनमध्ये, आणि एकच माणूस आत खुर्चीवर बसून चारही कॅमेरे दांडीने फिरवणार. हालचाल एकदा भरून ठेवली की बटण दाबायचं, दर वेळी तोच शॉट, केसाचा फरक नाही.

"बर्फ उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतोय," लूडो म्हणाला.

"रंग तू जुळवशील."

"जुळवीन. पण दांडी हलवली की कॅमेरा क्षणभर उशिरा हलतो, राइली. पक थांबतो का कोणासाठी? माणूस खांदा बघून ओळखतो पोरगा कुठे वळणार ते. हे यंत्र पक गेल्यावर बघणार."

"घरच्यांना क्षणभराने काय कळतंय?"

"कळत नाही. नुसता कंटाळा येतो आणि का येतो ते समजत नाही." आणि हसला.

मला रोबोतलं काय आवडलं ते अहवालात लिहिता येणार नाही, इथे लिहिते. तो नाही म्हणत नाही. गेल्या वर्षी त्या गोलकीपरचा जबडा फुटला तेव्हा मी तीनला आत जायला सांगितलं आणि तीनने मान आडवी फिरवली. माझ्याच पडद्यावर मला नाही म्हटलं! दुसऱ्या वाहिनीवाल्याने तो शॉट घेतला आणि देशभर दाखवला. मी ते विसरलेले नाही.

११ फेब्रुवारी

उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला संधी दिली नाही, म्हणून ओरेस्टना व्हॅनमध्ये बसवून रोबोची दांडी हातात दिली. बर्फावर पोरांचा सराव चालू होता.

लूडो कानाशी म्हणाला, "वेग कमी करून देऊ का? त्यांचा हात जड कॅमेऱ्याचा आहे. ही दांडी फुंकरीने हलते."

मी म्हटलं, "राहू दे. आहे तसं बघू."

ओरेस्टनी दांडी धरली आणि चित्र सरळ छतावर. मग खाली. मग पॉपकॉर्नच्या टपरीवर. पक एकदाही सापडला नाही. मागे कंपनीचे दोघे उभे होते, एकाने ओठ चावला, दुसऱ्याला तेही जमलं नाही. लूडो म्हणाला, "ओरेस्ट, छत आपण पुढच्या वर्षी दाखवू हं, गळतंय ते!" सगळे हसले. मीही. खरंच मजेशीर दिसत होतं.

ओरेस्टनी दांडी सोडली, हात मांडीवर ठेवले. "याला मान हलवता येते का?"

"येते की," लूडो म्हणाला. "बटणात भरून ठेवायची. दाबलं की हलवणार."

"भरून ठेवलेली नको," ओरेस्ट म्हणाले, आणि कोट घेऊन गेले.

काय विचित्र प्रश्न! जी खोड मोडायला एवढा खटाटोप, तीच नव्या यंत्रात मागतायत.

१३ फेब्रुवारी

अहवाल दिला. रोबो. मालक खूश, कारण गॅलरीतले पगार वाचले. दांडीवर लूडो. कॅमेरा तीनवाल्याला दुसरीकडे काम मिळालं. ओरेस्टना काढायचं कसं या विचारात होते, तर दुपारी ते स्वतःच आले आणि म्हणाले, "मी थांबतो आता." सुंठीवाचून खोकला गेला.

२२ फेब्रुवारी

ओरेस्टचा शेवटचा सामना. मी बेकरीतून पर्शियनचा, म्हणजे इथल्या गोड पावांचा, मोठा खोका आणला, वरची साखरेची गुलाबी साय ओघळेपर्यंत. त्यांनी एक घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला, बायकोसाठी असणार.

एक मागणं मागितलं त्यांनी. शेवटचा शॉटही एकवरच संपव म्हणाले. भीड भिकेची बहीण, पण म्हटलं जाऊ दे, जाताना एवढं द्यावं. दिला. तर त्या शॉटवर, लाल दिवा लागलेला असताना, कॅमेरा तीनदा झुकला. तीनदा! लूडो माझ्याकडे बघायला लागला. मी बरोबर निवड केली याची खात्री मला तिथेच पटली.

१ मार्च

रोबोंचा पहिला सामना. बटण दाबलं आणि रिंक असं उलगडलं, लोण्यातून सुरी जावी तसं. खेळात पक दोनदा हरवला, पण सुरुवात! केरिगनचा संदेश आला: "उचकी गेली. अभिनंदन." आज सौना तापवली आणि पोटभर बिअर प्यायले.

९ मार्च

वाहिनीच्या नंबरावर वृद्धाश्रमातून रोवेना नावाच्या परिचारिकेचा फोन आला. चुकून माझ्याकडे जोडला, असं आधी वाटलं.

"तुमच्या हॉकीची सुरुवात बदललीय का हो, मॅडम?"

"हो. आवडली?"

"नाही. म्हणजे, आमच्या बिलिक आजी जेवेनात."

मग तिने सांगितलं ते असं. ओरेस्ट भेटायला गेले की स्टेफानिया त्यांना नळ दुरुस्त करणारा समजते. मोरी दाखवते, कधी ओरडते. चेहरा पुसलाच गेलाय. पण शनिवारी संध्याकाळी टीव्ही लागला, रिंक दिसलं, आणि चित्र झुकलं की तीही मान झुकवते आणि म्हणते, "आला माझा माणूस." मग सूप पिते, शांत झोपते. लग्नाआधीपासूनची खूण आहे त्यांची. ओरेस्ट कामावर असताना हात हलवू शकत नसत, तर म्हणाले होते, सुरुवातीला मी तुझ्याकडे बघून मान हलवीन, ती तुझी.

"गेल्या शनिवारी वाट बघत बसल्या," रोवेना म्हणाली. "काल परत. चमचा हातात तसाच. म्हणतात, आला नाही अजून, आला की जेवीन. एवढंच करा ना मॅडम, थोडंसं झुकवा. मशीनने झुकवलं तरी चालेल. त्यांना काय कळतंय?"

फोन ठेवून मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. उचकी म्हणे! सबंध हंगाम ही बाई माझ्या ओपनिंग शॉटवर जेवत होती, आणि मला पत्ता नाही.

आणि मग मला ते दिसलं. अर्धा पडदा तो, अर्धा पडदा ती. अंतिम सामना. थेट.

१० मार्च

केरिगनला सांगितलं. म्हणाला, "हे करशील तर अंतिम सामन्याची सुरुवात मी देशभर घेतो. आणि मग आपण तुझ्या जागेचं बोलू." असं स्वच्छ म्हणाला.

रोवेनाचा आज परत फोन. म्हटलं, थोडा धीर धर, मोठं काहीतरी करतोय. बटणात झुकणं भरायला लूडोला चुटकीसरशी जमलं असतं, त्याने विचारलंही. मी म्हटलं नको, आत्ताच दाखवलं तर अंतिम सामन्यात नवल काय उरलं?

१५ मार्च

ओरेस्टच्या घरी गेले. स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली. वाळलेत. ओट्यावर पेरोगींचे डबे तसेच पडलेले.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. "आधीच सांगितलं असतं तर मी थांबवलं असतं का ते?"

"नाही," ते म्हणाले. "दाखवलं असतंस."

मला राग आला. काय वाईट आहे दाखवण्यात? लोकांना असलं बघायला मिळत नाही. मी म्हटलं, "अंतिम सामन्याला तुमचा जुना कॅमेरा गॅलरीत परत लावते. सुरुवात तुमची. मान हलवा, उघड, हक्काने. तिच्या खोलीत एक छोटा कॅमेरा राहील, ती कशी उत्तर देते ते लोक बघतील. आणि तुम्हालाही दिसेल. तुम्ही ते कधी बघितलंय?"

कधीच बघितलं नव्हतं. कसं बघणार, ते इकडे गॅलरीत आणि ती तिकडे.

"रोवेना सांगते," ते म्हणाले. "अशी हनुवटी खाली करते म्हणे." स्वतः करून दाखवली.

"मग?"

"आधी मान. बाकी काही असेल ते नंतर. आधी मान, राइली. तुझा शब्द दे."

दिला. परवानगीच्या कागदावर सही केली त्यांनी. माणसाला काय हवंय ते कळलं की काम अर्धं होतं, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलेय.

२ एप्रिल

तीन दिवसांवर अंतिम सामना. केरिगनने सगळा आराखडा बघितला आणि म्हणाला, "मान वगैरे ठीक, पण चित्र झुकलं तर तिकडे विनिपेग शहरातल्या माणसाला काय कळणार? आधी चेहरा दाखव. तिच्या टीव्हीवर नवऱ्याचा चेहरा. ती बघते. मग तुझी मान."

"पण चेहरा ती ओळखत नाही."

"ओळखला तर आनंद. नाही ओळखला तर लोक रडतील. दोन्हीकडून आपलंच आहे."

ऐकून कसंतरीच झालं. पण म्हणणं चुकीचं नव्हतं. आणि कोण जाणे, ओळखेलही. कॅमेऱ्यासमोर माणसं वेगळी वागतात, मी बघितलंय. ओरेस्टना आत्ता सांगण्यात अर्थ नाही, उगाच घाबरतील. शेवटी मान तर दाखवणारच आहे, थोडी पुढेमागे. शब्द मोडला असं म्हणता येणार नाही.

५ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

गॅलरीत ओरेस्ट, जुना कॅमेरा एक. इस्त्रीचा शर्ट, टाय. त्यांच्या बाजूला रोबो, रोख त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांच्यासाठी एक लहान पडदा ठेवला होता, खोली दिसावी म्हणून. वृद्धाश्रमात टीव्हीच्या वर कॅमेरा पाच, दांडी लूडोकडे. स्टेफानियाला निळा झगा घातला होता, केस विंचरले होते. पुढे सूप. पडद्यात बाहुलीसारखी दिसत होती. रोवेना मागे उभी.

"एक, तयार?" कॅमेऱ्याने मान हलवली.

आणि मी रोबोचं चित्र घेतलं. देशभर आणि स्टेफानियाच्या टीव्हीवर ओरेस्टचा चेहरा गेला, टीव्हीभर मोठा. ओरेस्टना आपल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला दिसेना. ते दिव्याकडे बघतायत, मग पडद्याकडे, मग परत दिव्याकडे. ते भारी दिसलं.

देशासाठी मी पाचवर गेले; तिच्या टीव्हीची लाइन वेगळी होती, तिथे ओरेस्टचा चेहराच ठेवला. स्टेफानियाने चमचा खाली ठेवला.

"हा कोण?" ती म्हणाली. "ए, बाजूला हो ना. माझा माणूस यायचाय आता."

रोवेना वाकली. "आजी, अहो हेच ते..."

"हा नळवाला! इथे पण आला मेला! काढा त्याला. त्याच्यामुळे माझा माणूस दिसत नाहीये मला." उठली. मांडीवरचा रुमाल घेतला आणि काच पुसायला लागली. सुपाचा रुमाल. ओरेस्टचा चेहरा पुसून काढत होती. आधी हळू, मग जोरात. "जा ना रे. जा ना. तो आला आणि मी दिसले नाही तर परत जाईल तो."

तेवढ्यात माझ्यासमोर कॅमेरा एकचं चित्र हलायला लागलं. खाली, वर. खाली, वर. ओरेस्टनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला होता आणि मान हलवत होते, थांबतच नव्हते. रिंक, छत, रिंक, छत. तोंडाने अवाक्षर नाही. सामना चालू असताना बोलायचं नसतं.

"एक दे तिला," लूडो म्हणाला. "राइली, एक घे. अगं, घे ना!"

पाचवर तिचा चेहरा होता. कॅमेरा टीव्हीच्या वरच असल्यामुळे ती जितकी पुसायला पुढे येत होती तितकी भिंगात शिरत होती. डोळ्यांतलं पाणी थेट दिसत होतं. आयुष्यात असा शॉट माझ्या हाताला लागला नव्हता. कुठला माणूस तिथे कॅमेरा घेऊन उभा असता तर त्याने केव्हाच मान आडवी फिरवली असती.

"पाच, आत," मी म्हटलं.

लूडोने दांडीवरून हात काढून घेतला. म्हणून दांडी मी धरली. आत गेले.

रोवेनाने शेवटी टीव्हीच बंद केला. मग मी एकवर गेले, वेळेवर, ठरल्याप्रमाणे. तेव्हा तो कॅमेरा नुसता खाली बघत होता, रिकाम्या खुर्च्यांकडे. दोन सेकंद फुकट गेले. मग पक पडला आणि खेळ सुरू झाला. आमची पोरं हरली.

६ एप्रिल

सकाळपासून फोन थांबत नाहीत. सगळा देश रडतोय. कोणी मला राक्षसीण म्हटलंय, कोणी आभार मानलेत की आमच्या आईची आठवण झाली. केरिगन म्हणाला, "दुसऱ्या कोणी तो शॉट तिथेच कापला असता. तू कापला नाहीस." वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी फुलं पाठवली, त्यांच्याकडे चौकशा वाढल्या म्हणे.

मला झोप लागली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक म्हणतील लागली नसेल.

ओरेस्टना फोन केला. उचलला नाही. परत केला, तर उचलून नुसते ऐकत राहिले. मी म्हटलं, "हो म्हणा, नाही म्हणा, काहीतरी म्हणा." फोनवर मान कशी दिसणार! शेवटी मीच ठेवला.

२१ एप्रिल

लूडोने काम सोडलं. कारण दिलं नाही. जाताना जुना कॅमेरा एक पुसून, त्याच्या पेटीत नीट ठेवून गेला. हसला नाही. एका दांडीसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं?

रोवेना भेटली, दुकानात, दुधाच्या फळीशी. मीच विचारलं आजी कशा आहेत. म्हणाली, टीव्ही लावला की किंचाळतात. जुन्या सामन्याची सुरुवात लावून बघितली, झुकण्याची, तर भिंतीकडे तोंड करून बसल्या. आता कुठलाही पुरुष खोलीत चालत नाही, डॉक्टरसुद्धा. ओरेस्ट रोज येतात आणि बाहेर बाकावर बसून जातात. नळीने भरवायचं का, ते आता डॉक्टर ठरवणार.

"मला का सांगतेयस?" मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत," ती म्हणाली.

गाडीत बसून थोडी रडले. कशासाठी ते कळलं नाही. दमलेय मी, हंगाम फार मोठा झाला.

३ मे

टोरंटोहून पत्र आलं. जागा माझी. सप्टेंबरपासून. कॅमेरे निवडायचं कामही माझ्याकडेच देणार आहेत, बारा रोबो, सगळे नवे. पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. आई असती तर पॅनकेक केले असते, मग मीच केले, लिंगनबेरी घालून, आणि चुलीशी उभी राहून खाल्ले. इतका आनंद मला आठवत नाही कधी झालेला.

संध्याकाळी केरिगनचा फोन. "ऑक्टोबरमध्ये नव्या हंगामाची सुरुवात त्या म्हातारा-म्हातारीवर करू या. लोक अजून विचारतात त्यांचं पुढे काय झालं. ते दार आणि बाहेरचा बाक, एवढं पुरे. जमेल?"

"विचारून बघते," मी म्हटलं.

लगेच रोवेनाला फोन लावला. बाई ऑक्टोबरपर्यंत टिकतील का, एवढंच विचारलं, तेही सौम्यपणे. तिने उत्तर न देता फोन ठेवून दिला. लोकांना साधी रीतभात राहिलेली नाही. उद्या परत करीन.